पिकअपचे डिझेल इंजिन : एक फसलेला आणि एक साधलेला प्रयोग



हंगाम संपून गव्हाण थांबली, की आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपपुढे सभासदांची वर्दळ सुरू होते. कुणाच्या ट्रॉलीचा ॲक्सल वाकलेला असतो, कुणाला जुना ट्रॅक्टर दुरुस्त करावा की मोडीत काढावा याचा सल्ला हवा असतो. अलीकडे मात्र बरेचसे प्रश्न पिकअप गाडीसंबंधी असतात. भाजीपाला, दुधाचे कॅन, उसाचे बेणे, खताची पोती आणि वेळप्रसंगी लेकीच्या रुखवताचे सामानसुद्धा याच गाडीतून जाते. तेव्हा कर्ज काढून गाडी घेण्यापूर्वी चार जणांना विचारावे, हे बरोबरच आहे.

प्रश्न असतात ते असे. "साहेब, जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं ना?" "पेट्रोलची जुनी गाडी स्वस्तात मिळतीय, तिच्यात डिझेल इंजिन बसवलं तर?" "फिल्टरमध्ये थोडं पाणी दिसतंय, महिनाभर चालंल का तसंच?" यांची उत्तरे एका वाक्यात देता येतील. पण एका वाक्यातले उत्तर माणूस वेशीपर्यंत जाईतो विसरतो. म्हणून आज एक खरी हकीकत सांगतो. ती अमेरिकेतली आहे. आपल्याकडे एके काळी दारात जशी बैलगाडी असे, तशी तिथल्या शेतकऱ्याच्या दारात पिकअप असते. या गाडीत डिझेल इंजिन घालण्याचे दोन गाजलेले प्रयत्न दहा-अकरा वर्षांच्या अंतराने झाले. त्यांतला एक फसला, एक साधला. त्यामागची कारणे कळली, की वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपली आपणच देता येतात.

पेट्रोल आणि डिझेल यांतला मूळ फरक

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात प्लग नसतो. तिथे नुसती हवा दाबतात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा तळ हाताला गरम लागतो, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात ती इतकी दाबतात, की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी तिचे चालते इंजिन करून दाखवले.

आता दाबण्याचे प्रमाण पाहा. १९७०-८० च्या सुमाराच्या पेट्रोल इंजिनात मिश्रण मूळ आकाराच्या आठव्या हिश्श्याइतके दाबले जाई. ज्या फसलेल्या डिझेल इंजिनाची हकीकत आपण पाहणार आहोत, त्यात हवा बाविसाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत कोंबली जात होती. म्हणजे सिलिंडरच्या भिंती, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि वरचे झाकण, ज्याला आपण हेड म्हणतो, या सर्वांवर येणारा जोर कितीतरी वाढला. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड का असते, याचे कारण हेच. ते वजन हौसेचे नसते, गरजेचे असते.

तेलाची टंचाई आणि घाई

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. ज्या देशात पेट्रोल पाण्यासारखे वापरले जाई, तिथे पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली तिथल्या सरकारने कायदा केला, की मोटार कंपन्यांनी आपल्या गाड्यांचे सरासरी मायलेज वाढवलेच पाहिजे. १९७८ च्या मॉडेलांपासून हा नियम लागू होणार होता. कंपन्यांपुढे प्रश्न पडला. गाड्या मोठ्या, गिऱ्हाइकाला त्या मोठ्याच हव्यात, आणि तेल तर कमी प्यायला पाहिजे. मग डिझेलकडे लक्ष गेले.

जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीच्या ओल्ड्समोबील विभागाने १९७८ च्या मॉडेलांसाठी ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे डिझेल इंजिन बाजारात आणले. ते मोटारींत बसले, तसेच शेवरोले आणि जीएमसीच्या पिकअपमध्येही बसले. गिऱ्हाइकांनी सुरुवातीला उड्या टाकल्या. १९७९ साली इराणातल्या क्रांतीमुळे तेल पुन्हा महागले, तेव्हा तर मागणी आणखी वाढली.

हे इंजिन कंपनीच्या ५.७ लिटरच्या पेट्रोल इंजिनावरून बेतले होते. इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पेट्रोल इंजिनाला नुसता डिझेलचा पंप जोडला, असे काही त्यांनी केले नव्हते. ब्लॉकचे ओतकाम नवे, जाड आणि भक्कम होते. क्रँकही मजबूत केला होता. चूक झाली ती झाकणापाशी.

झाकण का टिकले नाही

हेड ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेले असते आणि मध्ये गॅस्केट असते. घरातल्या कुकरचे उदाहरण घ्या. भांडे कितीही जाड असले तरी झाकण नीट बसले नाही, की रिंगमधून वाफ फुसफुसणारच. पेट्रोल इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांच्या हेडला १० बोल्ट होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरभोवती चार. डिझेल इंजिन करतानाही बोल्टांची संख्या आणि जागा तीच ठेवली. कारण उघड आहे. भोके पाडणारी कारखान्यातली मोठमोठी यंत्रे त्याच मापांवर लावलेली होती. ती बदलायची म्हणजे पैसा आणि वेळ, आणि वेळच तर नव्हता.

परिणाम व्हायचा तो झाला. दाब जवळजवळ तिप्पट, आणि आवळणारे हात तेवढेच. बोल्ट ताणले जाऊ लागले, काही तुटले, गॅस्केटे जळू लागली. गॅस्केट गेले, की रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये उतरते. हवा दाबली जाते, पण पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा त्याहूनही मोठे नुकसान होते. गॅरेजवाले गॅस्केट बदलून देत. पण पुष्कळदा जुनेच ताणलेले बोल्ट पुन्हा बसवले जात, आणि थोड्या दिवसांत गाडी पुन्हा दारात उभी.

पाण्याने केलेला घात

दुसरी चूक इंधनाच्या बाजूची. डिझेलमध्ये थोडेफार पाणी येतेच. टाकी अर्धी रिकामी असली, की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतले दव पत्र्यावर धरते आणि खाली उतरते. पंपावरच्या टाकीतूनही ते येऊ शकते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक असते, म्हणून त्यांच्या इंजिनांना पाणी वेगळे करणारे भांडे असते. या इंजिनाला सुरुवातीला ते दिलेच नव्हते.

डिझेलचा इंजेक्शन पंप ही फार नाजूक वस्तू आहे. त्याच्या भागांमधली फट केसापेक्षा किती तरी बारीक असते. त्याला वेगळे वंगण नसते, आतून जाणारे डिझेल हेच त्याचे वंगण. तिथे पाणी गेले, की वंगण तुटते, पोलाद गंजते आणि पंप घासून निकामी होतो. अमेरिकेतल्या काही गाडीमालकांनी उपाय म्हणून टाकीत अल्कोहोल ओतले. पेट्रोल गाडीत पाणी काढायला तसे करण्याची तिथे रीत होती. पण अल्कोहोलने पंपातले सील खराब केले आणि रोगापेक्षा औषध महाग पडले.

आपल्याकडचाही एक दाखला देतो. नाव सांगत नाही, कारण सभासद आपलेच आहेत. त्यांनी शेतावर डिझेलचे पिंप ठेवले होते, उघड्यावर, उभे, आणि बुचाची रिंग गेलेली. वळवाचा एक पाऊस झाला. पिंपाच्या वरच्या पत्र्यावर साचलेले पाणी बुचातून आत झिरपले. पिंप संपत आल्यावर तळाचे डिझेल पिकअपमध्ये ओतले गेले. गाडी बाजाराला जाताना घाटात बंद पडली, वर तीस-पस्तीस क्रेट टोमॅटो. पंप आणि इंजेक्टर मिळून जो खर्च आला, त्यात एकरभर उसाचे बेणे आणि खत निघाले असते. टोमॅटोचे काय झाले, ते वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या त्या इंजिनात कंपनीने पुढे सुधारणा केल्या, पण तोवर नाव गेले होते. गाडीमालक कोर्टात गेले, भरपाई द्यावी लागली, आणि १९८५ च्या मॉडेलांनंतर ते इंजिन बंद झाले. त्याहून मोठे नुकसान म्हणजे, "डिझेलची मोटार नको रे बाबा," ही भावना अमेरिकी गिऱ्हाइकाच्या मनात पुढे कित्येक वर्षे घर करून राहिली. घाई एका विभागाने केली, पण बदनामी सगळ्या डिझेलच्या वाट्याला आली.

मधल्या काळात इतर प्रयत्नही झाले. जनरल मोटर्सनेच आपल्या डेट्रॉइट डिझेल विभागाकडून ६.२ लिटरचे नवे इंजिन मुळापासून बेतून घेतले आणि १९८२ पासून पिकअपमध्ये घातले. फोर्डने १९८३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटरचे डिझेल इंजिन घेतले. हे इंटरनॅशनल हार्वेस्टर नाव आपल्या जुन्या सभासदांना परके नाही. १९६३ साली महिंद्र कंपनीने याच कंपनीच्या सहकार्याने आपल्या देशात ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली होती.

शेतातून आलेले इंजिन

आता साधलेला प्रयोग पाहू. त्याची सुरुवात इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी झाली. क्लेसी कमिन्स हा तिथल्या एका सावकाराच्या मोटारीचा ड्रायव्हर होता. त्याला इंजिनांचे वेड. सावकाराने, म्हणजे डब्ल्यू. जी. अर्विन यांनी भांडवल दिले आणि १९१९ साली कमिन्स कंपनी निघाली. पहिली इंजिने शेतीकामाची, सहा अश्वशक्तीची. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीमार्फत ती शेतकऱ्यांना विकली जात. पसंत नसेल तर परत, अशी सवलत होती. काही शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरले आणि हंगाम संपल्यावर परत पाठवून दिले! नवी कंपनी त्या धंद्यात बुडता बुडता वाचली. पुढे १९२९ च्या नाताळात कमिन्सने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून सावकारालाच फेरफटका मारून आणला आणि आणखी भांडवल मिळवले.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे या कंपनीने नाव कमावले ते मोठ्या ट्रकांच्या इंजिनांत. सुमारे १४ लिटरची ती इंजिने पिकअपमध्ये मावणे शक्यच नव्हते. लहान इंजिन हवे होते आणि ते काढायला जोडीदारही हवा होता. तो मिळाला जे. आय. केस या कंपनीच्या रूपाने. ही मूळची मळणी यंत्रे करणारी, १८४२ साली निघालेली विस्कॉन्सिन राज्यातली कंपनी. आज आपल्या शिवारात ऊसतोडणीची जी मोठी यंत्रे फिरतात, त्यांतल्या काहींवर तुम्ही 'केस' हे नाव वाचले असेल, ते इथूनच आलेले. दोघांनी १९८० साली भागीदारीत कंपनी काढली आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॉकी माउंट येथे कारखाना उभारला. तिथे 'बी' मालिकेची इंजिने तयार होऊ लागली. चार सिलिंडरांचे ३.९ लिटर आणि सहा सिलिंडरांचे ५.९ लिटर. दोघांचा बोअर १०२ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. म्हणजे पुष्कळसे सुटे भाग दोघांना सारखेच चालत.

हे इंजिन बेतले गेले ते ट्रॅक्टर आणि खोदाईयंत्रांसाठी. ट्रॅक्टर नांगरट करतो तेव्हा तासन् तास पूर्ण भाराखाली असतो. मोटारीच्या इंजिनाला असा भार क्वचितच, एखाद्या चढावर, येतो. म्हणून यातला प्रत्येक भाग भार धरून ठरवला होता. हेडला २६ बोल्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरभोवती सहा. सहा सिलिंडरांच्या क्रँकला सात बेअरिंगांचा आधार, तर मघाच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकला पाचच. कॅम आणि इंजेक्शन पंप यांना चालवायला साखळी किंवा पट्टा नाही, थेट दातेरी चक्रे. मघाच्या इंजिनात साखळी होती. ती सैल पडली, की डिझेल सोडण्याची वेळ चुके. ऑइल कूलरची आणि पाण्याच्या पंपाची जागा ब्लॉकमध्येच ओतलेली, त्यामुळे बाहेरच्या नळ्या कमी आणि गळतीच्या जागाही कमी.

आणखी एक महत्त्वाचा फरक होता. त्या वेळच्या पिकअपच्या इतर डिझेल इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटे आणि मग जाळ मुख्य सिलिंडरमध्ये येई. आवाज कमी होतो, पण त्या कप्प्याच्या भिंती उष्णता खातात आणि तेवढे तेल वाया जाते. 'बी' इंजिनात डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत सोडला जाई. आवाज जास्त, खडखडाट भरपूर, पण तेलाची बचत. शिवाय टर्बो होता. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त आणि नीट जळते.

शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल

डॉज हा क्रायसलर कंपनीचा पिकअपचा छाप. त्यांच्या गाडीचा साचा १९७२ सालचा, जुना झालेला. विक्री उतरलेली. १९७८ साली त्यांनी मित्सुबिशीचे डिझेल इंजिन थोड्या गाड्यांत घालून पाहिले होते, पण ते फारसे चालले नव्हते. शेवटी त्यांनी कमिन्सचे हे ५.९ लिटरचे, शेतीयंत्रांत मुरलेले इंजिन घ्यायचे ठरवले, आणि १९८९ च्या मॉडेलात ते बाजारात आले.

त्याचे आकडे वाचून मोटारीचे शौकीन हसले असतील. अश्वशक्ती फक्त १६०, आणि फेरे मिनिटाला २५०० च्या आत. त्याच डॉज कंपनीच्या ५.९ लिटरच्याच पेट्रोल इंजिनाची अश्वशक्ती याहून जास्त होती. पण ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, ती या डिझेलची ५५ किलोग्रॅम-मीटर, आणि तीही अवघ्या १७०० फेऱ्यांना.

ओढ म्हणजे काय, ते असे समजा. एक मीटर लांब दांड्याचा पाना घ्या. त्याचे एक टोक इंजिनाच्या शाफ्टला लावा आणि दुसऱ्या टोकाला आपल्या कारखान्याचे साखरेचे ५० किलोचे पोते टांगा, वर आणखी पाच किलो. तेवढे वजन फिरवून उचलण्याचा जोर म्हणजे ५५ किलोग्रॅम-मीटर. अश्वशक्ती म्हणजे हीच ओढ गुणिले फेऱ्यांचा वेग. पेट्रोल इंजिन फेरे वाढवून अश्वशक्तीचा मोठा आकडा दाखवते. पण भरलेली गाडी चढावर जागेवरून हलवायची असते, तेव्हा फेरे कमीच असतात. तिथे कामाला येते ती ओढ.

आपल्याला हे नवे नाही. शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल दोन्ही जातिवंतच. पण शर्यतीच्या खोंडाला नांगराला जुंपले तर दोन तासांत तो तोंडाला फेस आणतो. नांगराचा बैल पळत नाही, पण दिवस मावळेपर्यंत मान खाली घालून ओढतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला गुरांची आणि गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली मागे जोडायची होती. त्याने नांगराचा बैल ओळखला. डॉजच्या या गाडीला कंपनीच्या अपेक्षेपेक्षा जास्त मागणी आली, आणि ज्या छापाला घरघर लागली होती तो पुन्हा उभा राहिला.

नुसते इंजिन बसवून भागले नाही, हेही लक्षात घ्या. इंजिनाचे वजन सुमारे ५०० किलो. त्यासाठी पुढचे स्प्रिंग, चौकट, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे सारे जड कामाचे घ्यावे लागले. फेरे कमी, म्हणून ॲक्सलचे गुणोत्तरही वेगळे. एवढे करूनही पुढे अनेक वर्षे तक्रार राहिली ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. बैल दांडगा मिळाला, पण जू आणि जोते त्याच्या मानाने कमी पडले.

चांगल्या इंजिनालाही खोडी असतात

कौतुक करताना दोषही सांगावेत. या इंजिनाच्या पुढच्या भागात एक लहानशी पोलादी पिन होती. थरथरीने ती काही इंजिनांत सुटून दातेरी चक्रांत पडे आणि मोठे नुकसान करी. १९९८ मध्ये नवा, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पंप आला. टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप अशक्त झाला, की हा मोठा पंप कोरडा पडून जळे. पुन्हा तोच धडा, की डिझेल हेच पंपाचे वंगण. २००३ पासून कॉमन रेल पद्धत आली आणि २००७ मध्ये इंजिन ६.७ लिटरचे झाले.

शेवटची गोष्ट धुराची. २०१३ ते २०१९ या मॉडेलांच्या सुमारे ६ लाख ३० हजार पिकअपमध्ये धूर-नियंत्रण चुकवणारी योजना बसवली, असा अमेरिकी सरकारने कमिन्सवर आरोप ठेवला. २०२३ च्या डिसेंबरात कंपनीने १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले, चूक मात्र कबूल केली नाही. बोल्टांत कसर केली तर गाडीमालकाचे नुकसान होते. धुरात कसर केली तर ते गावातल्या लेकराबाळांच्या छातीत जाते. म्हणून आजच्या इंजिनाचा हिशेब ओढ आणि मायलेज एवढ्यावर संपत नाही.

आपल्याकडे हे इंजिन

कमिन्सचे नाव महाराष्ट्रात १९६२ पासून आहे. त्या साली किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली. १९९३ साली टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी होऊन जमशेदपूरला हीच 'बी' मालिकेची इंजिने टाटांच्या ट्रकांसाठी तयार होऊ लागली. पुढे आपल्या ऊसपट्ट्यातल्या फलटणजवळही या भागीदारीचा कारखाना उभा राहिला. तेव्हा कारखान्याच्या यार्डात उसाने भरलेला टाटाचा मोठा ट्रक उभा असेल, तर त्याच्या केबिनखाली या अमेरिकन पिकअपच्या इंजिनाचा भाऊबंद असणे अगदी शक्य आहे.

सभासदांनी काय ध्यानात ठेवावे

१. गाडी घेताना अश्वशक्तीच्या आकड्यावर भुलू नये. टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांना मिळतो, हे विचारावे. माहितीपत्रकात तो न्यूटन-मीटरमध्ये असतो. त्याला ढोबळ मानाने दहाने भागले, की किलोग्रॅम-मीटर होतात. कमी फेऱ्यांना जास्त टॉर्क, ती गाडी ओझ्याची.

२. पेट्रोलच्या जुन्या गाडीत दुसरे डिझेल इंजिन बसवण्याच्या फंदात पडू नये. वजन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, काहीच त्या मापाचे नसते, आणि आरटीओची अडचण वेगळीच.

३. हेड उघडले असेल, तर बोल्टांविषयी कंपनीचे पुस्तक काय सांगते ते फिटरला विचारावे. जिथे नवे बोल्ट सांगितले आहेत तिथे नवेच घालावेत, आणि ते मापाच्या टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमानेच आवळावेत. "हाताच्या अंदाजानं आवळतो की," म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

४. फिल्टरखालचे पाणी काढण्याचे बूच नियमाने सैल करावे. पाण्याचा दिवा लागला, तर महिनाभर काय, दुसऱ्या गावापर्यंतही थांबू नये.

५. डिझेलचे पिंप छपराखाली, किंचित कलते ठेवावे. तळाचे चार बोटे डिझेल गाडीत ओतू नये. हंगाम नसताना गाडी उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही.

६. टर्बोची गाडी भरल्या ओझ्याने चढ चढून आली, की लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावी. टर्बोचे बेअरिंग तेलाने थंड होते, इंजिन बंद झाले की तेल थांबते.

७. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या ज्या गाड्यांना डीईएफ लागते, त्यांच्या टाकीत खताचा युरिया पाण्यात कालवून घालू नये. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. आपला खताचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचे तेल लावलेला येतो. पिकाला तो चांगला, पण धूर साफ करणाऱ्या महागड्या यंत्रणेचा त्याने निकाल लागतो.

गाडीचे कर्ज उसाच्या बिलातून फिटायचे असते, आणि उसाचे बिल वर्षाकाठी येते. इंजिन मात्र रोज चालते. गाडी घेण्याआधी वर्कशॉपमध्ये जरूर या, माहितीपत्रक सोबत आणा, आपण बसून वाचू. आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढे करा, बॅटरी घेऊन फिल्टरच्या भांड्यात डोकावून बघा.

— वर्कशॉप व वाहतूक विभाग